पदाच्या डोक्यावरची ओळ

कीर्तनाच्या आख्यानांची जुनी पुस्तके ज्यांनी हाताळली असतील त्यांना ठाऊक असेल की, प्रत्येक पदाच्या डोक्यावर, मजकुराहून बारीक टायपात आणि बहुधा कंसात, ‘चाल’ असा शब्द छापून त्यापुढे दुसऱ्याच एखाद्या पदाचे पहिले दोन-तीन शब्द दिलेले असतात. रचनाकाराला एवढेच सांगायचे असते की, हे पद त्या पदासारखे म्हणावे. आणि पुस्तक छापले गेले त्या काळी ते दुसरे पद नाटकाच्या तंबूत, माजघरात आणि बाजारपेठेत सर्वतोमुखी असल्यामुळे तेवढी खूण पुरतही असे. पुढे काळ लोटला, ज्याच्यावरून चाल घ्यावयाची ते पदच लोकांच्या तोंडून गेले, आणि पुस्तकात नुसती खूण उरली. माझ्या संग्रही असलेल्या अशाच एका जीर्ण आख्यानसंग्रहात एका साकीच्या शेजारी कोणा पेटीवाल्याने पेन्सिलीने ‘पांढरी चार, हळू’ असे लिहून ठेवले आहे. त्या अज्ञात साथीदाराने आपल्या बुवांचा स्वर आणि लय हे दोनच मुद्दे टिपून घेतले. चाल त्याला पाठच होती, ती लिहून ठेवण्याचे त्याला प्रयोजन वाटले नाही.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत ज्यांनी स्वतः रचले आणि स्वतःच गाइले, त्यांच्या आयुष्यक्रमाविषयी मी जेव्हा विचार करतो तेव्हा ही बारीक टायपातली ओळ माझ्या डोळ्यांपुढे येते. आमच्या गोदाकाठी गाणे हा स्वतंत्र पेशा म्हणून फारसा कधी नांदला नाही. येथे ग्वाल्हेर-बडोद्यासारखा गवयांना तनखा देणारा दरबार नव्हता. निजामाची गादी हैदराबादेस होती, आणि तिच्या खजिन्यातून सुभ्याकडे जे काही झिरपत असे ते इनामदार, देशमुख आणि देवस्थाने यांच्या हातून जात असे. गाणारा माणूस शेत कसणारा, शाळेत शिकविणारा, दफ्तरात कारकुनी करणारा किंवा देवळाच्या उत्पन्नावर राहणारा असे, आणि गाणे त्याच्या संसाराला समांतर वाहत असे. या रीतीने जगलेल्या माणसांत ज्यांची कीर्ती मराठवाड्याच्या सीमा ओलांडून गेली, ते दासगणू महाराज. आणि त्यांचा पूर्वायुष्यातील हुद्दा पोलीस शिपायाचा होता.

गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे यांचा जन्म ६ जानेवारी १८६८ रोजी नगर जिल्ह्यातील अकोळनेर येथे झाला. शिक्षण बेताचे, बुद्धी तल्लख, आणि कवित्व इतके सहज की बोलता बोलता पद तयार व्हावे, असा हा तरुण इंग्रजी अमलातील पोलीस खात्यात भरती झाला, आणि श्रीगोंद्याकडे नोकरीवर असताना तमाशांच्या फडांकरिता लावण्या रचू लागला. ही गोष्ट त्यांच्या चरित्रात पुष्कळदा घाईघाईने उरकली जाते, जणू संतत्वाच्या आधीचा तो एक डाग असावा. मला तसे वाटत नाही. लावणीने त्यांना जे दिले ते शास्त्रीबुवांच्या पाठशाळेत मिळणारे नव्हते: श्रोत्याला दुसऱ्या चरणातच पकडावे लागते, यमक कानाला अपेक्षित असलेल्या जागी पण अनपेक्षित शब्दाने पडावे लागते, आणि चाल अशी हवी की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तिसऱ्या आवर्तनात ती म्हणता यावी. पुढे त्यांच्या आख्यानांतील पदांना जो उठाव आला त्याची तालीम फडापुढेच झाली होती, असे माझे मत आहे. वामनशास्त्री इस्लामपूरकरांचा अनुग्रह आणि त्यानंतर शिर्डीच्या साईबाबांचा सहवास यांनी त्या कवित्वाचा विषय पालटला. हात पूर्वीचाच राहिला.

कान्हा भिल्ल या दरोडेखोराच्या पाळतीवर असताना त्यांनी रामदासी गोसाव्याचे सोंग घेतले आणि एका खेड्यातील राममंदिरात मुक्काम ठोकून ते भजने गाऊ लागले, अशी हकीकत सांगतात. सरकारी कामगिरीसाठी पांघरलेला हा वेष उघडकीस आला, जीव जाण्याची वेळ आली, रामाचे पाय धरून ते वाचले, आणि तेथेच नोकरी सोडण्याचा नवस झाला. परंतु नवस आणि राजीनामा यांच्यामध्ये फौजदारीची आस उभी होती. परीक्षा द्यावी, बढती मिळवावी, मग सोडावी, असे लांबत लांबत अखेर १९०३ मध्ये त्यांनी सरकारी नोकरीशी संबंध तोडला. पस्तीस वर्षांचा गृहस्थ, निश्चित पगार, पुढे पेन्शनची शाश्वती, आणि ते सारे टाकून चिपळ्या हाती घ्यावयाच्या. साईबाबांनी घरी अन्नवस्त्राची वाण पडणार नाही असे आश्वासन दिले, असे भक्तपरंपरा सांगते, आणि ते आश्वासन मनाशी धरून ते मोगलाईत, नांदेडास आले.

मोगलाई हा शब्द आता नाहीसा होत चालला आहे, पण आमच्या आजोबांच्या पिढीला निजामाच्या मुलखाचे दुसरे नाव ठाऊक नव्हते. हाली शिक्क्याचा रुपया, उर्दूत चालणारे कोर्ट-कचेरीचे दफ्तर, उर्दूतच शिकविणाऱ्या सरकारी शाळा, आणि परवानगीवाचून सभा भरविण्यास मनाई करणारी ‘गश्ती निशाण ५३’ अशा त्या अमलात मराठी माणसाला मराठी भाषा भरभरून, प्रौढ आणि समग्र अशी ऐकावयास मिळे ती देवळात. मूळपद, त्याचे निरूपण, मध्यंतरीचे भजन, मग उत्तररंगातील आख्यान, या क्रमाने दोन-अडीच तास चालणाऱ्या कीर्तनात व्याकरण होते, इतिहास होता, विनोद होता, आणि साकी, दिंडी, कटाव, आर्या, ओवी असा वृत्तांचा सारा खजिना होता. ज्या मुलांना शाळेत मराठी मिळाली नाही त्यांना ती बुवांच्या तोंडून मिळाली. गोरटे हे उमरीजवळचे गाव दासगणूंच्या परंपरेचे पीठ झाले, आणि नांदेड-गोरटे-पंढरपूर या त्रिस्थळीत त्यांचे उत्तरायुष्य गेले, ही घटना म्हणूनच मला केवळ संतचरित्रातील वाटत नाही. ती या मुलखातील मराठीच्या इतिहासाचाही भाग आहे.

कीर्तनकाराच्या पेशाची एक रीत असे. बुवा झगा, उपरणे, फेटा अशा पोशाखात उभे राहत. कीर्तन संपले की आरतीचे तबक फिरे, यजमान नारळ आणि बिदागी देत, मोठ्या उत्सवात शालजोडीही मिळे, आणि कोणत्या बुवांना किती बिदागी यावरून त्यांचा दर्जा ठरे. दासगणूंनी ही रीत दोन्ही अंगांनी मोडली. साईचरित्रात असा प्रसंग आहे की, एकदा ते शिर्डीत असेच नटूनथटून कीर्तनास निघाले असता बाबांनी हा नवरदेवाचा थाट कशाला म्हणून विचारले आणि अंगरखा-फेटा उतरवावयास लावला. तेव्हापासून कमरेवर उघडे, गळ्यात हार, हातात चिपळ्या, एवढ्याच रूपात ते उभे राहू लागले. बिदागीविषयीही ते निरिच्छ होते. शिर्डीच्या रामनवमीच्या उत्सवाकरिता दर साली नवा हरदास शोधण्याची यातायात असे. १९१४ पासून ते काम बाबांनी कायमचे त्यांच्याकडे सोपविले, आणि ज्याने फौजदारीची नेमणूक मागितली होती त्याला ही दुसरीच नेमणूक मिळाली, जिला ना पगार ना निवृत्ती.

शिपाईगिरी मात्र त्यांच्यातून पुरती गेली नसावी, आणि ही गोष्ट मला फार प्रिय आहे. नांदेडचे रतनजी शापूरजी वाडिया हे पारशी कंत्राटदार दासगणूंच्या सांगण्यावरून शिर्डीस गेले असता बाबांनी त्यांच्याकडे पाच रुपये दक्षिणा मागितली आणि पैकी तीन रुपये चौदा आणे आपणास पूर्वीच पोचले आहेत असे सांगितले. रतनजी तर प्रथमच आलेले. त्यांनी परत येऊन हे कोडे दासगणूंपुढे ठेवले तेव्हा दासगणूंना नांदेडातीलच मौलीसाहेब या मुसलमान सत्पुरुषाची आठवण झाली, ज्यांचा रतनजींनी शिर्डीस निघण्यापूर्वी आदरसत्कार केला होता. त्या दिवशीच्या खर्चाची यादी मागवून बेरीज केली तो ती नेमकी तीन रुपये चौदा आणे भरली. भाविकाला यात चमत्कार दिसेल, आणि त्याच्या श्रद्धेशी माझा वाद नाही. मला त्याबरोबरच हिशेबाचा कागद पुढ्यात घेऊन आणा-पै जुळविणारा जुना पोलीस दिसतो, आणि एका पारशी व्यापाऱ्याच्या घरी मुसलमान फकिराचा पाहुणचार होतो, त्याचा निवाडा एक ब्राह्मण कीर्तनकार करतो, असे त्या काळचे नांदेडही दिसते.

रचनाकार म्हणून त्यांचे काम विपुल आहे. ‘भक्तलीलामृत’ १९०६ मध्ये, ‘संतकथामृत’ १९०८ मध्ये, ‘भक्तिसारामृत’ १९२५ मध्ये आले. ‘साईनाथ स्तवनमंजरी’ १९१८ ची. आणि वयाची सत्तरी उलटल्यावर १९३९ मध्ये शेगावी ‘श्रीगजानन विजय’ हा एकवीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ सिद्ध झाला, ज्याचे पारायण आज वऱ्हाडापासून मराठवाड्यापर्यंत असंख्य घरांत होते. एका बैठकीत सारे अध्याय वाचून उठणाऱ्या गृहिणी माझ्या नात्यात आहेत, आणि त्यांतल्या कोणालाही ओवी कशी म्हणावी हे शिकवावे लागले नाही. ओवीची चाल ओवीतच असते. साडेतीन चरणांची ती घडण डोळ्यांनी वाचली तरी ओठ आपोआप त्या लयीत हलतात. म्हणून दासगणूंचे ओवीग्रंथ टिकले. शिर्डीला पंढरपूर मानणारे त्यांचे पद टिकले, कारण ते आरतीत बसले आणि नित्य म्हटले गेले. परंतु त्यांच्या आख्यानांतील पदे? ती कीर्तनकारावाचून उभी राहू शकत नाहीत, आणि कीर्तनकाराला चालीवाचून त्यांचा उपयोग नाही. २६ नोव्हेंबर १९६२ रोजी पंढरपुरास महाराजांचे देहावसान झाले. अनंतराव आठवले, जे पुढे संन्यास घेऊन स्वामी वरदानंद भारती झाले, यांनी आणि गोरट्याच्या परंपरेतील अन्य मंडळींनी ती आख्याने जपली, गाइली, शिकविली. हे त्यांचे ऋण मोठे आहे. तरीही कंठातून कंठात जाताना प्रत्येक पिढीत थोडे सांडतेच.

गोरट्याच्या एका उत्सवात मी एका वृद्ध पेटीवाल्याच्या शेजारी बसलो होतो. समोर तरुण कीर्तनकार होता, आवाज निकोप, पाठांतर चोख. करुण प्रसंगातील एक पद त्याने सध्याच्या भजनी मंडळांत रूढ असलेल्या एका लोकप्रिय चालीवर बसविले होते. श्रोत्यांनी ठेका धरला, टाळ्या पडल्या, कीर्तन रंगले. पेटीवाल्याने बोटे बिनचूक चालविली. नंतर प्रसादाच्या पंगतीत मी विचारले तेव्हा त्याने भाताचा घास बाजूला ठेवून त्या पदाची जुनी चाल मला गुणगुणून दाखविली. ती खालच्या षड्जावर घुटमळणारी होती, पहिल्या चरणाच्या अखेरीस ती कोमल निषादावर थांबे, आणि तेथे तो जो थांबला त्या थांबण्यात आख्यानातील मातेचा सारा आवंढा होता. शब्द तेच असून पद निराळे झाले. त्याने कीर्तनकाराला नावे ठेवली नाहीत. मुलाला कोणी सांगितलेच नाही तर तो तरी काय करणार, एवढेच तो म्हणाला, आणि पुन्हा जेवू लागला.

सातासमुद्रापलीकडील एका देशात याच्या नेमके उलट घडले आहे. आयर्लंड हे बेट आपल्यासारखेच परक्या अमलाखाली पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, आणि आपल्यासारखेच गाण्याने जिवंत राहिलेले. सतराव्या शतकाच्या आरंभी तेथील जुनी सरदार घराणी उद्ध्वस्त झाली आणि त्यांच्या आश्रयावरचे कवी व हार्पवादक निराधार झाले. हार्प म्हणजे तारांचे एक उभे वाद्य, जे त्या राष्ट्राने आपले बोधचिन्ह केले आहे. या पडझडीनंतर, १६७० मध्ये, टर्लो ओ’कॅरोलन जन्मला. अठराव्या वर्षी देवीच्या साथीत त्याचे डोळे गेले. मॅकडर्मट रो घराण्यातील गृहिणीने त्याला हार्प शिकविण्याची व्यवस्था केली आणि शिक्षण पुरे होताच एक घोडा, एक वाटाड्या आणि थोडे द्रव्य देऊन त्याला वाटेला लावले. पुढली जवळजवळ पन्नास वर्षे तो घराघरांतून हिंडला. ज्या घरी उतरे त्या घरच्या यजमानाच्या, लेकीच्या वा नवपरिणीत जोडप्याच्या नावाने रचना करी, ती तेथेच वाजवून व गाऊन दाखवी, आणि पुढल्या गावाची वाट धरी. तोही रचणारा आणि गाणारा एकच होता, त्याचीही शाश्वती यजमानाच्या ओसरीपुरती होती. १७३८ च्या मार्चमध्ये, शरीर थकल्यावर, तो रॉसकॉमन परगण्यातील त्याच मॅकडर्मट रो घराण्याच्या वाड्यात परतला आणि तेथेच वारला. पुढे त्या देशाच्या पन्नास पौंडांच्या नोटेवर त्याची प्रतिमा छापली गेली.

कॅरोलनच्या दोनशेहून अधिक चाली आज उपलब्ध आहेत, परंतु त्यांतल्या बहुसंख्य चालींवरचे शब्द गेले. आपल्याकडे शब्द छापले गेले आणि चाली विरत चालल्या. त्यांच्याकडे चाली लिहिल्या गेल्या आणि शब्द विरले. १७९२ मध्ये बेलफास्ट शहरी उरल्यासुरल्या हार्पवादकांचा मेळा भरविण्यात आला. दहा आयरिश वादक आले, त्यांतला डेनिस हेम्पसन तर नव्वदी केव्हाच ओलांडलेला. त्यांचे वादन टिपून घेण्यासाठी एडवर्ड बंटिंग या एकोणीस वर्षांच्या चर्चमधील ऑर्गनवादकाची नेमणूक झाली, आणि त्या काही दिवसांनी त्या मुलाच्या आयुष्याची दिशा ठरली. त्याने जन्मभर हिंडून चाली जमविल्या आणि तीन खंड प्रसिद्ध केले, त्यांपैकी अखेरचा १८४० चा. परंतु बंटिंगचे कान सुरांकडे होते. शब्दांसाठी पॅट्रिक लिंच या माणसाला खेडोपाडी पाठवावे लागले ते दहा वर्षांनी, १८०२ मध्ये, आणि तोवर पुष्कळ वृद्ध निघून गेले होते. बंटिंगने चाली पियानोच्या सोयीसाठी थोड्या बदलल्या, असा दोष पंडित त्याला देतात, आणि तो खराही आहे. मी त्या दोषासकट त्याला नमस्कार करतो. बदललेली का होईना, चाल कागदावर असली म्हणजे तिच्याशी भांडता येते.

ज्या रॉसकॉमनमध्ये कॅरोलन निवर्तला त्याच परगण्यातील बॉईल गावी १८७८ मध्ये मार्गारेट कझिन्स जन्मल्या, ही गोष्ट सहज म्हणून नोंदवितो. संगीताची पदवी घेतलेल्या या बाई १९१५ मध्ये हिंदुस्थानात आल्या, आणि १९१९ च्या फेब्रुवारीत मदनपल्लीच्या महाविद्यालयात मुक्कामास असलेल्या रवींद्रनाथांनी गाऊन दाखविलेले गीत बाईंनी स्वरलिपीत उतरवून घेतले. ते गीत आज आपले राष्ट्रगीत आहे. गाणारा समोर असताना कोणीतरी कागद-पेन्सिल घेऊन बसावे, एवढ्यावर किती अवलंबून असते!

आपल्याकडे हे काम कोणी केले नाही असे नव्हे. भातखंड्यांनी घराण्याघराण्यांतील बंदिशी मिळवून स्वरलिपीसह छापल्या. पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून गवयाला शिक्षकाची प्रतिष्ठा मिळवून दिली. त्या प्रतिष्ठेचा लाभ आमच्या नांदेडालाही झाला. अण्णासाहेब गुंजकरांनी येथे शिष्य घडविले, आणि त्यांच्यापाशी शिकलेले, १९३५ मध्ये नांदेडातच जन्मलेले पं. नाथराव नेरळकर औरंगाबादेस सरस्वती भुवन महाविद्यालयात संगीताचे अध्यापक झाले. पुण्या-मुंबईस बिऱ्हाड हलविल्यावाचून गवयाचे नाव होत नाही, असा ज्या काळी सार्वत्रिक समज होता त्या काळी हे गृहस्थ मराठवाड्यातच राहिले, तेथेच शिकवीत राहिले, आणि २०१४ सालचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांच्याकडे तेथेच चालत आला. २८ मार्च २०२१ रोजी ते गेले. दासगणूंच्या पिढीने गाण्यासाठी नोकरी सोडली. नाथरावांच्या पिढीला गाण्याचीच नोकरी मिळाली. हा पालट मी मोठा मानतो, कारण त्यामुळे मराठवाड्यातल्या एखाद्या बापाला, मुलगी गाणे शिकून पुढे काय करील, या प्रश्नाचे उत्तर प्रथमच देता आले.

पण या नव्या व्यवस्थेत ख्याल बसला, ठुमरी बसली, नाट्यगीतही बसले. कीर्तनाची साकी आणि कटाव बाहेर राहिले. त्यांच्या चाली रागाच्या काटेकोर चौकटीत मावत नाहीत, एका पदात दोन रागांच्या छटा येतात, मधेच लावणीचे वळण येते, आणि परीक्षेच्या अभ्यासक्रमाला असे मिश्र द्रव्य मानवत नाही. लातूर जिल्ह्यातील औशाच्या नाथ संस्थानाचे चक्रीभजन घ्या. वीरनाथ-मल्लनाथ महाराजांच्या परंपरेतील हे भजन गोल फिरत, पावलांच्या गतीवर म्हणतात. लय वाढते तसे पाऊल बदलते, आणि पाऊल बदलले की चालीचे वजन बदलते. औसेकर मंडळी ते पंढरपुरातही निष्ठेने करतात. या भजनाची स्वरलिपी केली तरी ती अर्धीच होईल, कारण तिच्यात पाय कसे लिहिणार? माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत वाघ्या-मुरळी जे गातात, किंवा जिल्हा परिषदेच्या लावणी महोत्सवात जी फडाची गाणी होतात, त्यांच्या रचनाकारांची तर नावेही कोणी विचारीत नाही. त्यांना शेवटच्या कडव्यातल्या मुद्रेइतकाच आधार, आणि ती मुद्राही गाणाऱ्याने गाळली तर गेलीच.

मुद्रेविषयी नांदेडने एक थोर उदाहरण पाहिले आहे. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये याच नगरीत ग्रंथाला गुरुपद दिले, आणि सचखंड हुजूर साहिबात रागी जथे आजही जी वाणी गातात तिच्यात निरनिराळ्या गुरूंच्या रचना असूनही सर्वांनी मुद्रा ‘नानक’ हीच घातली आहे. आपले नाव आद्य गुरूच्या नावात विलीन करणारे ते रचनाकार होते. तरीही कोणती रचना कोणत्या गुरूची हे आज निःसंशय सांगता येते, कारण संकलन करणाऱ्यांनी प्रत्येक रचनेवर महला पहिला, महला तिसरा, महला पाचवा अशी नोंद केली, आणि ती कोणत्या रागात गावयाची हेही त्यावर लिहिले. ग्रंथाची मांडणीच एकतीस रागांनुसार आहे. आमच्या नामदेवांची पदेही त्यात रागवार लावलेली आहेत. अहंकार सोडण्याशी नोंद ठेवण्याचे वैर नाही, हे त्या ग्रंथकर्त्यांना पुरते उमगले होते. आपण वारकरी आणि हरदास मात्र निरहंकाराच्या नावाखाली नोंदीचीच हेळसांड करीत आलो, असे मला खेदाने म्हणावे लागते.

नोंदीवाचून काय होते ते लातूरने पाहिले आहे. १९९३ च्या गणेशोत्सवात विसर्जनाच्या मिरवणुका आटोपून किल्लारीकडील गावे निजली, आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास भूकंपाने ती जमीनदोस्त केली. हजारो माणसे गेली. नंतर नव्या जागी, रुंद रस्त्यांची, पत्र्याच्या आणि सिमेंटच्या छपरांची गावे वसली. दगड-मातीच्या माळवदांची जुनी गल्ली आणि देवळाचा जुना पार मागे राहिला. भजनी मंडळे पुन्हा उभी राहिली, टाळ-मृदंग पुन्हा आले. पण गेलेल्या माणसांबरोबर कोणत्या चाली गेल्या हे आता कोणालाच सांगता यावयाचे नाही.

नांदेडास विद्यापीठ आहे, त्यात ललित कलांचे अध्यापन होते. लातुरात संगीत विद्यालये आहेत. आणि खिशातील फोनवर तासन्‌तास ध्वनी मुद्रित करता येतो. बंटिंगला जे साधन स्वप्नातही दिसले नसते ते आमच्या दहावीच्या विद्यार्थ्याजवळ असते. उणीव आहे ती दरखास्त घेऊन कोणाच्या दारी जाण्याची नव्हे, तर सत्तरी ओलांडलेल्या पेटीवाल्याच्या आणि टाळकऱ्याच्या दारी जाऊन बसण्याची. कीर्तनकारांपेक्षा मी पेटीवाल्यांकडे आधी जावे म्हणतो. बुवा बदलले तरी साथीदार तोच राहतो, आणि एकाच पदाच्या तीन पिढ्यांतील तीन चाली त्याच्या बोटांत साठलेल्या असतात. आख्यानाचे छापील पुस्तक पुढ्यात ठेवावे, पदाच्या डोक्यावरची ओळ वाचून दाखवावी, आणि ती कोणत्या पदावरून घेतली, ते मूळ पद कोणते, ते कोठे ऐकले, असे विचारत जावे. म्हणवून घ्यावे, मुद्रित करावे, मग सावकाशीने कोणी जाणत्याने ते स्वरलिपीत मांडावे आणि गाणाऱ्याचे नाव, गाव, तारीख खाली लिहावी. आरंभ कटावापासून व्हावा असे मला वाटते. लांबलचक, अनुप्रासांनी गच्च भरलेला कटाव एका दमात म्हणण्याचे सामर्थ्य थोड्यांतच असते, आणि ज्यांना तो येतो त्यांचा दम आता अपुरा पडू लागला आहे. साकी आणि दिंडी सोप्या, त्या म्हणणारे गावोगाव अजून आहेत, तेव्हा त्यांच्याकडे पुढल्या उत्सवात वळले तरी चालेल.